बोटॅनिकल वॉटरकलर शिकायचंय? मग फुलापासून सुरुवात करू नका

बोटॅनिकल वॉटरकलर म्हणजे झाडं, फुलं, फळं जशी आहेत तशी, अचूक मापात जलरंगांत काढणं. फुलापासून सुरुवात मी केली होती. रविवारी सकाळी बाल्कनीतली जास्वंद फुललेली, ती समोर ठेवली आणि आधी पानं रंगवायला घेतली, कारण पानं सोपी वाटली. मग स्वयंपाक, जेवणं, जरा आडवी झाले आणि परत येऊन बघते तर फूल मिटायला लागलेलं. जास्वंद एका दिवसाची हे लहानपणापासून देवाला वाहताना माहीत होतं पण तेव्हा कुठे आठवतंय! मग मोबाईलमधल्या फोटोवरून पूर्ण केलं. फोटोत लाल रंगाचा नुसता गोळा होतो, पाकळीवरच्या शिरा दिसतच नाहीत, त्यामुळे चित्र मंडपातल्या कापडी फुलासारखं झालं.

म्हणून नवीन लोकांना मी सांगते की आधी थांबणाऱ्या वस्तू घ्या. लसूण, बहाव्याची शेंग, वाळलेलं सागाचं पान. मी ठाण्यात जांभळी नाक्याच्या मार्केटमधून पाव किलो तोंडली आणली, त्यातलं एक देठासकट बाजूला काढलं आणि चार दिवस तेच. सासूबाई म्हणाल्या, "अगं भाजी कर त्याची, चित्रं कसली काढतेस!"

त्या एका तोंडल्याने जेवढं शिकवलं तेवढं वीस व्हिडिओंनी नाही. लांबून त्याचे पट्टे पांढरे दिसतात पण जवळ कागदाचा पांढरा तुकडा धरला की कळतं ते फिकट पोपटी आहेत. म्हणजे आधी सगळ्या तोंडल्यावर एकदम पातळ पोपटी वॉश, म्हणजे भरपूर पाण्यातल्या रंगाचा सपाट थर, चमक जिथे पडते तेवढा कागद कोरा सोडायचा, आणि तो पूर्ण सुकल्यावर पट्ट्यांच्या मधली जागा गडद करत जायचं. पांढरा रंग लावायचाच नाही. पानाच्या मधल्या शिरेचं पण तेच, ती बहुतेक वेळा पानापेक्षा फिकट असते आणि आपण सवयीने तिथे गडद रेघ ओढतो.

रंगाआधी मोजमाप. शाळेच्या कंपासपेटीतला डिव्हायडर घ्या, लांबी रुंदी मोजा आणि चित्र त्याच मापाचं काढा. उजेड वरून डावीकडून, ही या कामातली जुनी पद्धत आहे. जास्वंदीच्या मधल्या दांड्याला टोकाशी पाच फाटे असतात, चार काढलेत तर वनस्पतीशास्त्रवाला लगेच पकडणार. मी जवळजवळ तीन महिने नुसती पेन्सिलच चालवली, कंटाळा आला, पण खरं सांगते तेच कामी आलं.

सामानात कागदावर पैसे घाला, रंगांवर नको. हॉट प्रेस (गरम दाबून सपाट केलेला), 300 जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन 300 ग्रॅम, म्हणजे जाड), 100 टक्के कॉटन. गुळगुळीत असतो म्हणून बारीक रेघ नीट बसते. मी चोवीस ट्यूबांचा सेट घेतला आणि वापरते सहा, दोन पिवळे, दोन निळे, दोन लाल. हिरवा यातूनच करा, आणि जास्त भडक झाला तर लालचा एक थेंब टाका, लगेच झाडाचा वाटायला लागतो. तयार हिरवा तसाच लावला तर पान प्लॅस्टिकचं दिसतं.

आता ठाण्याचा पावसाळा. जुलैत थर सुकतच नाही आणि ओल्यावर दुसरा मारला की खालचा उखडतो, म्हणून हेअर ड्रायर जवळ ठेवा. माझे कागद कपाटात उघडे राहिले आणि दमट हवेने त्यांचं वरचं सायझिंग (रंग लगेच आत शोषला जाऊ नये म्हणून लावलेला थर) गेलं, रंग टिपकागदासारखा ठिपक्याठिपक्यांनी आत शोषला जायचा. अख्खा पॅड वाया. आता सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद पिशवीत.

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात पावसात कळलावीची फुलं बघायला जरूर जा, पण तोडू नका, ते जंगल संजय गांधी नॅशनल पार्कमध्ये येतं आणि त्यात कळलावी विषारी. तिथेच बसून पेन्सिलने रचना, रंगांचे ठिपके आणि शेजारी टीप: पाकळ्या सहा, मागे वळलेल्या, पानाचं टोक तणाव्यासारखं वळलेलं. बाकी घरी.

पैशांचं विचारतात सगळे. माझी अकाउंट्सची नोकरी चालूच आहे. वनस्पतीशास्त्राच्या रिसर्च पेपरला बहुतेक शाईतलं काळंपांढरं ड्रॉइंगच लागतं, तेव्हा ते पण शिकून ठेवा. रंगीत कामातून मला वर्षाला चार-पाच ऑर्डरी येतात, त्यात कागदाचा खर्च निघतो.

आणि ते तोंडलं पाचव्या दिवशी टोकाकडून लाल व्हायला लागलं. चित्र तोवर झालं होतं, तरी शेजारच्या कोऱ्या जागेत ते पिकलेलं टोक परत काढलं. उरलेल्यांची भाजी सोमवारीच झाली होती.