घाट उतरल्यावर मालिश की मशीन? या चुका टाळा

सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांना यवतेश्वरचा चढ दमवतो, पण पाय धरतात ते उतारामुळे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार रोखून धरतो आणि त्याचे बारीक तंतू दुखावतात. म्हणून रविवारी पळालं की खरा त्रास सोमवार-मंगळवारी, जिना उतरताना. याला पळताना स्नायूत तयार होणारं लॅक्टिक ॲसिड जबाबदार नाही. ते तास-दीड तासात रक्तातून निघून जातं. तरी "ॲसिड काढा, जोर लावा" म्हणत लोक त्याच दिवशी मांडीत कोपर रुतवून घेतात आणि दुखणं वाढवतात. तेल लावून तळहाताने हलकी मालिश, दहा-पंधरा मिनिटं. बास.

मशीनची चूक मी स्वतः केलीय. लांब पळून आलो, मांड्यांना ईएमएसचे, म्हणजे विजेच्या हलक्या झटक्यांनी स्नायू हलवणाऱ्या मशीनचे, पॅड लावले आणि प्रोग्रॅम निवडला 'स्ट्रेंथ'. मांडी दगडासारखी आवळायची, सुटायची, पुन्हा आवळायची. वाटलं, छान काम चाललंय. दुसऱ्या दिवशी खाली बसता येईना. दमलेल्या स्नायूकडून मी आणखी एक व्यायाम करून घेतला होता! रिकव्हरीसाठी १ ते १० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला एक ते दहा झटक्यांचा, प्रोग्रॅम लावा. त्यात स्नायू नुसता थडथडतो, आवळत नाही.

मालिश आणि मशीन दोन्ही करायचं असेल तर मशीन आधी. तेलकट पायावर पॅड धरत नाहीत, कडा सुटतात, उरलेल्या जागी करंट एकवटून चटका बसतो. घाम पुसा, जुने पॅड टाकून द्या.

टेन्स नावाचं दुसरं मशीन दिसतं ईएमएससारखंच, पण ते नसांमार्फत वेदना दाबतं. दुखायचं थांबलं म्हणून लगेच घाटात जाऊ नका.

माझं मत विचाराल तर दुखणं हलकं व्हायला मालिश उजवी. मशीन घरी, एकट्याला वापरता येतं, हा त्याचा मोठा फायदा. गेलेली ताकद लवकर परत येते असं मात्र दोन्हींबद्दल छातीठोक सांगता येत नाही. झोप आणि पोटभर जेवण आधी सांभाळा.

एकाच पोटरीला सूज आली, ती गरम लागली, तर मालिशही नको, मशीनही नको. रक्ताची गुठळी असू शकते. लघवी कोऱ्या चहासारखी झाली तरी तडक दवाखाना गाठा. पेसमेकर असलेल्यांनी ईएमएसला हातच लावू नये.