बेसबॉल मॅचला जाताय आणि स्टेप्सपण मोजताय? मग या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात बाबा पुण्याहून आमच्याकडे बे एरियात आले होते. रोज पहाटे तळजाईला जाणारा माणूस, मनगटावर बँड, आणि रात्री १०,००० झाले नसतील तर झोपायच्या आधी सोफ्याभोवती प्रदक्षिणा घालणार म्हणजे घालणार. त्यांना सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्स टीमची बेसबॉल मॅच दाखवायला त्यांच्या ग्राउंडवर, ओरॅकल पार्कला नेलं. पाचव्या इनिंगला (बेसबॉलच्या एका इनिंगमध्ये दोन्ही टीम एकेकदा बॅटिंग करतात, आणि मॅचमध्ये अशा नऊ असतात) त्यांनी हात माझ्या तोंडापुढे धरला. "अरे, बसल्यापासून मी जागचा हललो नाहीये, मग हे चारशे कुठून वाढले?"

टाळ्या. मागच्या बाकावरच्या पोरांबरोबर ते प्रत्येक स्ट्राइकआउटला, म्हणजे बॅटर तीन स्ट्राइकला आउट झाला की, टाळ्या पिटत होते आणि बँड बिचारा त्यातल्या काहींना पावलं समजत होता. त्या दिवसापासून सीझनभर आम्ही दोघं हेच बघत बसलो, मॅच कमी आणि मनगट जास्त, आणि त्यातून ज्या चुका सापडल्या त्या इथे लिहून ठेवतोय. बाबांच्या होत्या तशा माझ्याही होत्या, माझ्या जरा जास्तच.

टाळ्यांचं आधी

बँड असो नाहीतर वॉच, आत एक छोटा सेन्सर असतो जो हालचाल मोजतो. त्याला पाय दिसत नाहीत, त्याला फक्त मनगट एका ठरावीक तालात हलतंय का तेवढं कळतं. म्हणून एखाद-दुसरी टाळी सहसा मोजली जात नाही, बरीच घड्याळं सलग काही पावलं पडल्यासारखं वाटेपर्यंत थांबतात आणि मग मोजायला लागतात. पण बेसबॉलमध्ये ऑर्गन वाजतो, स्क्रीनवर "आवाज करा" असं येतं आणि अख्खं ग्राउंड एका तालात टाळ्या वाजवायला लागतं, म्हणजे सेन्सरला फसवायची पूर्ण तयारी. उपाय सोपा आहे, तुमच्या घड्याळाच्या सेटिंगमध्ये ते कुठल्या हातात घालता, म्हणजे ज्या हाताने कामं करता त्या की दुसऱ्या, असं विचारलेलं असेल तर ते बरोबर भरा. बाबा बँड उजव्या हातात घालायचे आणि सेटिंग होतं डाव्याचं. बदलल्यावर फुकटचे स्टेप्स बरेच कमी झाले, बंद नाही झाले. उरलेल्यांसाठी सरळ सांगतो, सोडून द्या, टाळ्या वाजवायच्या थांबू नका.

आता याच्या उलटी चूक, जी कोणी बघतच नाही. गार्लिक फ्राइजचा ट्रे आणि दोन ड्रिंक्स घेऊन तुम्ही कॉन्कोर्सवरून (सीट्सच्या मागचा, स्टॉल असलेला रुंद पॅसेज) सेक्शनपर्यंत चालत येता तेव्हा हात अगदी स्थिर असतो, सांडू नये म्हणून. मनगट हललंच नाही तर घड्याळ काय मोजणार? तसंच स्ट्रोलर ढकलताना, तसंच लेकराला कडेवर घेतल्यावर. आमचे तर येता-जाता दोन्ही हात कायम भरलेले. अशा वेळी फोन पँटच्या पुढच्या खिशात ठेवा, तो पायाबरोबर हलतो आणि बऱ्यापैकी नीट मोजतो. पर्समध्ये किंवा जॅकेटच्या सैल खिशात ठेवलात तर तोही गंडतो.

ग्लव्ह घालताय? घड्याळ कुठे आहे ते बघा

हे मला स्वतःला कळायला दोन मॅच लागल्या. फाउल बॉल, म्हणजे रेषेबाहेर प्रेक्षकांत येणारा बॉल, कॅच करू म्हणून मी हौसेने ग्लव्ह नेतो (आजपर्यंत एकही मिळालेला नाही, तो विषय वेगळा). उजव्या हाताने फेकणारा माणूस ग्लव्ह डाव्या हातात घालतो आणि घड्याळही डाव्याच मनगटावर असतं, मग ग्लव्हची कड नेमकी घड्याळाच्या बटणांवर दाबली जाते. माझ्या ॲपल वॉचवर चालू असलेला वॉक असाच मध्येच पॉझ झाला होता, कारण बाजूची दोन्ही बटणं एकदम दाबली की वर्कआउट थांबतो. दिवसाचे स्टेप्स मोजले जातात पण तो वॉक अर्धवट राहतो. काहीजण मग घड्याळ काढून खिशात टाकतात आणि घरी जाईपर्यंत विसरतात. त्यापेक्षा मॅचच्या दिवशी घड्याळ सरळ दुसऱ्या हातात घाला आणि सेटिंगमध्येही बदला.

खरी मोठी चूक

ही सगळ्यांची असते. "मॅचला चाललोय, तीन तास बाहेर आहे, स्टेप्स तर आपोआप होतील." नाही होत हो! सीटवर बसून राहिलात तर मॅच म्हणजे ऑफिसच्या मीटिंगसारखीच, फक्त हॉटडॉग बरा मिळतो. स्टेप्स पडतात त्या जाताना आणि येताना. म्हणून आम्ही एक साधी सवय लावली, दिवसाचा एकच आकडा बघायचा नाही, तुकड्यात लिहायचा. घरातून निघताना किती, गेटवर किती, पहिला पिच (म्हणजे पहिला बॉल) पडला तेव्हा किती, सातव्या इनिंगच्या स्ट्रेचला (मधल्या विश्रांतीला) किती, परत स्टेशनवर किती. बाबा स्कोअरकार्डच्या कडेला पेन्सिलने लिहायचे, शेजारचे काका त्यांना मोठे बेसबॉलचे जाणकार समजले.

लिहिल्यावर लगेच दिसलं. कॅलट्रेनने गेलो की स्टेशन ग्राउंडपासून अगदी चार पावलांवर, म्हणजे बाबांच्या भाषेत "काहीच नाही". तेच बार्ट मेट्रोने एम्बार्कडेरोला उतरलो आणि फेरी बिल्डिंगपासून पाण्याच्या कडेकडेने, बे ब्रिजच्या खालून चालत गेलो तर साधारण दीड मैल होतं, माझ्या चालीने तीन हजाराच्या वर, आणि येताना तेवढेच. म्हणजे फक्त ट्रेन बदलल्याने सहा-सात हजारांचा फरक पडला. आणि हा रस्ता चालायला इतका सुंदर आहे की स्टेप्स मोजत नसलात तरी याच बाजूने जा असं मी सांगेन. पार्किंगवाल्यांनीही गेटला चिकटून जागा शोधण्यात पैसे घालवू नयेत, लांबची जागा स्वस्त पडते आणि स्टेप्सही देते.

मात्र गाडी कुठे लावली त्याचा फोटो काढा. लॉस एंजेलिसला डॉजर स्टेडियममध्ये आम्ही काढला नाही. टेकडीवरचं ग्राउंड, १९६२ चं, भोवती हजारो गाड्यांचं पार्किंग, आणि रात्री सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात. त्या दिवशीचा आकडा आमच्या सीझनचा रेकॉर्ड आहे पण त्याचं कौतुक बायकोला अजून वाटलेलं नाही.

मधल्या वेळेचा हिशेब

मॅच चालू असताना चालायचं असेल तर कधी उठायचं हे कळलं पाहिजे. २०२३ पासून पिच क्लॉक आला, म्हणजे बेसवर (धावायच्या टप्प्यांवर) समोरच्या टीमचं कोणी नसेल तर पिचरला १५ सेकंदांत बॉल टाकायचा असतो. त्याने मॅच खूपच पळायला लागली, नऊ इनिंगची मॅच २०२२ मध्ये सरासरी ३ तास ४ मिनिटं चालायची ती २०२३ मध्ये २ तास ४० मिनिटांवर आली. आधी तुम्ही फ्राइज घ्यायला गेलात तर परत येईपर्यंत तोच बॅटर हातातले ग्लव्हज सारखे करत उभा असायचा, आता अर्धी इनिंग संपलेली असते. म्हणून जुन्या अंदाजाने इनिंग चालू असताना "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणणं ही चूक आहे. शिवाय बऱ्याच ग्राउंडवर बॅटर खेळत असताना अशर (सीट दाखवणारा कर्मचारी) तुम्हाला पायऱ्यांच्या वरच थांबवतो, मग ना चालणं ना मॅच.

इनिंगच्या मधल्या ब्रेकचा टायमर सव्वादोन मिनिटांचा असतो. दर अर्ध्या इनिंगनंतर एक, म्हणून नऊ इनिंगच्या मॅचमध्ये असे १६ किंवा १७ ब्रेक येतात, सगळे मिळून ३६ ते ३८ मिनिटं. मिनिटाला शंभर पावलं धरली तर कागदावर साडेतीन हजाराच्या वर होतात. पण दर ब्रेकला तुम्ही उठलात तर तुमच्या रांगेतले लोक तुम्हाला शिव्या घालतील, त्या मराठीत नसल्या तरी कळतात. आम्ही कडेची सीट घ्यायला लागलो आणि तिसरी, पाचवी, सातवी एवढ्या इनिंग संपल्या की उठायचं ठरवलं. बाबांची अजून एक युक्ती होती, गेट उघडल्या उघडल्या आत शिरायचं, पहिला पिच पडायला बराच वेळ असतो, तेवढ्यात कॉन्कोर्सवर चक्कर मारायची, आउटफिल्डच्या मागे गेलं की एका बाजूला मैदान आणि दुसऱ्या बाजूला पाण्यात कयाकवाले होमरनच्या (आपल्या सिक्सरसारख्या) बॉलची वाट बघत बसलेले, तिथे गर्दी व्हायच्या आत चालायला मस्त. बाहेर एक राउंड मारून परत येऊ असं मात्र करू नका, बहुतेक ठिकाणी एकदा बाहेर पडलात की त्याच तिकिटावर परत आत घेत नाहीत.

आणि सातव्या इनिंगचा स्ट्रेच म्हणजे उभं राहून गाणं म्हणणं. त्याच्या स्टेप्स होत नाहीत. बाबांना वाटायचं व्हाव्यात.

जिने आणि वारा

काही घड्याळं मजलेही मोजतात. ते पायऱ्या मोजत नाहीत, हवेचा दाब बघतात, साधारण १० फूट चढलात की एक मजला. म्हणून रॅम्पने चालत वर गेलात तरी मजले मिळतात, एस्कलेटरवर नुसते उभे राहिलात तर मिळत नाहीत. आता ओरॅकल पार्कला संध्याकाळी खाडीवरून जो वारा सुटतो त्याने दाबात गडबड होऊन कधीकधी फुकटचे मजले चढतात. मजल्यांचा आकडा मॅचच्या दिवशी फार मनाला लावून घेऊ नका, स्टेप्सचाच बघा. उतरताना कुठलाही मजला मिळत नाही, पण वरच्या डेकवरून चालत उतरा, मॅच संपल्यावर एस्कलेटरची रांग बघवत नाही.

आकडा दुप्पट दिसतोय, किंवा दिसतच नाहीये

दुप्पट दिसायचं कारण बहुतेक वेळा एकच, फोन पण मोजतोय आणि बँड पण मोजतोय आणि तिसरं कुठलंतरी ॲप दोन्हीकडून घेऊन बेरीज करतंय. आयफोनच्या हेल्थ ॲपमध्ये फोन आणि वॉचचे स्टेप्स एकावर एक चढत नाहीत, एका वेळेला एकाचेच धरतात, आणि कोणाचे आधी धरायचे तो क्रम तुम्ही डेटा सोर्सेसमध्ये जाऊन बदलू शकता. बाबांच्या अँड्रॉइडवर तीन स्टेप ॲप होती, तिन्ही एकमेकांना जोडलेली, तो तर संयुक्त कुटुंबाचा हिशेब झाला होता. एक ठेवलं, दोन काढली, प्रश्न मिटला.

दिसतच नसेल तर आयफोनवर प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये मोशन अँड फिटनेस चालू आहे का बघा. अँड्रॉइडवर बॅटरी सेव्हर ॲपला मागच्या मागे झोपवतो, त्या ॲपला त्यातून सूट द्या. आणि ग्राउंडवर हजारो लोक एकदम व्हिडिओ टाकत असतात, नेटवर्क मेलेलं असतं, त्यामुळे बँडचा आकडा ऑनलाइन दिसला नाही म्हणून तिथेच बँड रीसेट करू नका! बरेच बँड आकडा स्वतःजवळ साठवून ठेवतात, घरी आल्यावर सिंक होतो. मी घाईत रीसेट केला होता, त्या दिवसाचे सगळे गेले.

अंतर चुकीचं दाखवतंय अशी तक्रार असेल तर ती स्टेप्सची नाही, पावलाच्या लांबीची आहे. ॲप तुमच्या उंचीवरून अंदाज बांधतं आणि गर्दीत आपण मुंगीच्या पावलांनी चालतो. उंची नीट भरा, बाकी सोडा.

बॅटरी

तीन तासांचा वॉक वर्कआउट चालू करून बसू नका. बहुतेक वेळ तुम्ही खुर्चीतच असता, तो कॅलरीचा आकडा काहीतरीच येतो आणि जीपीएसने बॅटरी जाते. आजकाल तिकीट फोनमध्ये, परतीच्या ट्रेनचं तिकीट फोनमध्ये, पार्किंगचा पास फोनमध्ये. चालत जातानाचा वॉक लावा, गेटवर बंद करा, येताना परत लावा. तुकड्यातला हिशेबही आपोआप होतो.

ते १०,००० चं काय

बाबांशी यावरून वाद झाला. हा आकडा डॉक्टरांकडून आलेलाच नाही, टोकियो ऑलिम्पिकनंतर १९६५ मध्ये जपानात एक पेडोमीटर विकायला आला, त्याच्या नावाचाच अर्थ दहा हजार पावलांचं मीटर, तिथून तो जगभर पसरला. २०१९ मध्ये अमेरिकेत वयस्कर बायकांवरचा एक अभ्यास छापून आला होता, त्यात दिवसाला ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांचाही मृत्यूचा धोका २,७०० वाल्यांपेक्षा कमी निघाला आणि साधारण ७,५०० च्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही. मी हे सगळं वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "तो बायकांचा अभ्यास आहे." विषय संपला.

रात्री बाराची भानगड

शेवटची चूक रात्रीच्या मॅचची. पावणेसातला सुरू झालेली मॅच सहसा साडेनऊपर्यंत आटपते, पण बरोबरी होऊन एक्स्ट्रा इनिंग लागल्या आणि घरी पोचायला बारा वाजून गेले तर परतीचे सगळे स्टेप्स दुसऱ्या दिवशीच्या खात्यात जातात, आणि आजचे नऊ हजार आठशेवर अडकतात. हे बिघडलेलं नाही, घड्याळ बाराला नवा दिवस धरतं एवढंच. प्रवासातही तसंच, इथून न्यूयॉर्कला मॅच बघायला गेलात तर तीन तास पुढे गेल्यामुळे तो दिवस २१ तासांचाच होतो, येताना २७ तासांचा मिळतो. बाबांना हे कळल्यापासून अकराव्या इनिंगला ते सीटवरून उठून आयलच्या (सीट्समधल्या वाटेच्या) वरच्या टोकाला जाऊन येरझारा घालायला लागले, आणि अशरने काय झालं म्हणून विचारलं तर मनगट दाखवलं.