जपानी शिकणाऱ्या मिशनरींसाठी: बायबलसोबत शूहो (चर्चचं आठवड्याचं पत्रक) पण वाचा

जपानमध्ये मिशनरी म्हणून आलात आणि कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्राक्षरं, बघून धडकी भरत असेल तर १९८७चं शिनक्योदोयाकू बायबल घ्या, त्यात कांजीच्या डोक्यावर बारीक हिरागानात, म्हणजे जपानीच्या सोप्या उच्चारलिपीत, उच्चार छापलेले असतात, म्हणजे पहिल्या दिवसापासून मोठ्याने वाचता येतं. मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करा, वाक्यं त्यामानाने सोपी. पण नुसत्या बायबलवर राहू नका हं, ती भाषा भाजीवाल्याशी बोलायला कामाची नाही! रविवारी चर्चमध्ये शूहो म्हणजे आठवड्याचं पत्रक मिळतं ना, ते घरी न्या, त्यातल्या सूचनांवर पेन्सिलने उच्चार लिहा आणि पुढच्या रविवारी चर्चमधल्या एखाद्या आजींना वाचून दाखवा, अगदी मनापासून सुधारून देतात.