भरीव उभारासाठी ब्रा निवडताना
उभार दिसत नाही म्हणून जाड पॅडची ब्रा घेतली जाते. चूक बहुतेकदा स्तनांखालून पाठीकडे जाणाऱ्या पट्ट्याच्या मापात असते. स्तनांखाली टेप आडवी, घट्ट धरा: ३१ इंच आलं तर पट्टा ३२. मग सर्वांत भरीव भागावरून, टेप न आवळता. पट्ट्यापेक्षा २ इंच जास्त तर बी कप, ३ तर सी.

नवी ब्रा सर्वांत सैल हुकावर नीट बसावी. इलॅस्टिक ताणलं की आतले हुक कामी येतात. घातल्यावर पुढे वाकून काखेकडचा भाग हाताने कपात ओढून घ्या. खरा फरक इथेच पडतो! पाठीवर पट्टा वर चढतोय? ३४ बीऐवजी ३२ सी घ्या, अक्षर बदललं तरी कप तेवढाच राहतो. कपाच्या वरच्या कडेला सुरकुती पडली तर बाल्कनेट, म्हणजे वरून कमी झाकणारा कप घालून बघा. पुशअपचं पॅड मात्र खालून आणि बाजूने हवं.