नुबियाचा इतिहास लिहिताय? या चुका टाळा

मराठीत प्राचीन नुबियावर, म्हणजे आजच्या दक्षिण इजिप्त आणि उत्तर सुदानमधल्या नाईलकाठच्या प्रदेशावर, कुणी काही लिहिलं की मी ते आवर्जून वाचतो. असं लिखाण मुळात कमी, त्यामुळे लिहिणाऱ्याचं अप्रूप वाटतं. पण त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा भेटतात, आणि बहुतेकींचं मूळ एकच असतं: नुबियाची माहिती इजिप्तकडून घेतलेली असते. इजिप्तचे राजे सगळं दगडावर कोरून ठेवत, आणि दक्षिणेच्या या शेजाऱ्याचा उल्लेख 'नीच कुश' असा करत. कुश हे त्यांनी नुबियातल्या राज्याला दिलेलं नाव. शेजारी मात्र बराच काळ लिहीतच नव्हता. ज्याने लिहून ठेवलं त्याचं म्हणणं खरं, असं धरून चाललं की पुढचं सगळं बिघडतं.

नकाशापासून सुरुवात करा. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, म्हणून 'वरचा नुबिया' नकाशावर खाली असतो आणि 'खालचा नुबिया' वर, इजिप्तला लागून. आस्वान ते खार्तूम या पट्ट्यात नदीच्या पात्रात खडकांमधून पाणी उसळत धावतं असे सहा टप्पे आहेत. पुस्तकांत त्यांना पहिला प्रपात, दुसरा प्रपात असे क्रम दिलेले असतात. कोणत्याही स्थळाचं नाव लिहिलं की ते कितव्या प्रपातापाशी आहे हेही लिहा, निम्मे गोंधळ तिथेच मिटतात. मेरोए आणि मेरोवे यांची गल्लत तर हमखास होते. मेरोए ही पिरॅमिडांची प्राचीन राजधानी, पाचव्या आणि सहाव्या प्रपातांच्या मधली. मेरोवे हे चौथ्या प्रपाताखालचं आजचं गाव, ज्याच्या नावाने 2009 साली धरण सुरू झालं. एकाच्या मजकुरात दुसऱ्याचं छायाचित्र मी अनेकदा पाहिलंय. तसंच ग्रीक लेखकांचा 'ऐथिओपिया' म्हणजे आजचा इथिओपिया नव्हे, त्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा कुशचा प्रदेश असे. आणि कुश या नावाचा रामाच्या मुलाशी किंवा कुशाणांशी संबंध जोडू नका. साम्य आहे ते फक्त ऐकायला.

केर्माला इजिप्तची वसाहत म्हणू नका

ही चूक साधी नाही, एका मोठ्या पुरातत्त्वज्ञाने केलेली आहे, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबू. तिसऱ्या प्रपाताजवळच्या केर्मा इथे जॉर्ज रीझ्नर यांनी 1913 ते 1916 या काळात उत्खनन केलं. तिथे कच्च्या विटांची एक प्रचंड वास्तू आजही सुमारे 18 मीटर उंच उभी आहे. लोक तिला पश्चिम देफुफा म्हणतात. जवळच्या दफनभूमीत मातीची गोल टेकाडं आहेत, सर्वांत मोठ्यांचा व्यास 90 मीटरच्या आसपास. अशा एका टेकाडात रीझ्नर यांना हेपझेफा या इजिप्शियन प्रांताधिपतीचा भंगलेला पुतळा आणि त्याच्या पत्नीचा, सेन्नुवीचा, अतिशय देखणा पुतळा सापडला. त्यांनी निष्कर्ष काढला की हेपझेफा हा केर्माचा इजिप्शियन सुभेदार होता आणि ही त्याचीच समाधी.

आता इथल्या अशा मोठ्या टेकाडांत आणखी काय होतं ते पाहा. मृतदेह पेटीत नाही, पाय दुमडून उजव्या कुशीवर, लाकडी खाटेवर निजवलेला. सोबत बळी दिलेली शेकडो माणसं. दफनभूमीतल्या आणखी जुन्या एका टेकाडासमोर गाईबैलांच्या हजारो कवट्या चंद्रकोरीसारख्या मांडलेल्या. त्या काळी इजिप्तमध्ये असं कुणाला पुरत नसत. शिवाय हेपझेफाची कबर इजिप्तमध्ये असियूतला आहे, आणि तो जगला ते केर्माचं हे टेकाड रचलं जाण्याआधी दोनेक शतकं. म्हणजे पुतळे नंतर इथे आणले गेले. कसे, याचा एक धागा 2003 साली उजेडात आलेल्या, दक्षिण इजिप्तमधल्या एल-काब इथल्या लेखात मिळतो. कुशने, म्हणजे केर्माच्या राज्याने, मोठं सैन्य घेऊन इजिप्तवर स्वारी केल्याचं तिथला अधिकारी सोबेकनख्त याच्या थडग्यात लिहिलेलं आहे. हे पुतळे लूट म्हणून आले असावेत, असं आज अनेक अभ्यासक मानतात. 1970 च्या दशकापासून शार्ल बोने यांच्या स्विस पथकाने केर्माचं नगरच खोदून काढलं. तटबंदी, देवळं, घरं सगळं मिळालं आणि इ.स.पू. 2500 ते 1500 या काळातलं एक स्वतंत्र राज्य उभं राहिलं.

म्हणून एक सवय लावून घ्या. एखादी इजिप्शियन वस्तू नुबियात सापडली असं वाचलं, की ती कुठे, कशाच्या शेजारी, कुणाच्या उशाशी सापडली ते आधी शोधा. आणि 1920-30 च्या दशकांतल्या पुस्तकांवर विसंबू नका. कुशच्या राजघराण्याचं मूळ लिबियन असल्याचा रीझ्नर यांचा दावा काळ्या आफ्रिकनांना कमी लेखणाऱ्या त्या काळच्या समजुतीतून आला होता. तो केव्हाच मोडीत निघाला आहे, तरी जुन्या पुस्तकांतून अजून उचलला जातो.

भारताशी नातं जोडण्याची घाई

केर्माची मडकी पाहिली की आपल्याकडचा माणूस चमकतो. बुंध्याकडे लाल, काठाकडे काळीभोर, अंड्याच्या कवचाइतकी पातळ. विदर्भातल्या माहुरझरी, नैकुंड इथल्या शिळावर्तुळांच्या दफनांतही काळी-तांबडी भांडी मिळतात. इथून थेट 'आपले लोक तिकडे गेले' किंवा 'ते इकडे आले' असं लिहिलं जातं. पण रंगांची ही जोडी भट्टीतून येते. भांडं उलटं घालून काठाकडचा भाग राखेत, जळणात दाबला की तिथे हवा पोचत नाही आणि तो काळा पडतो. उरलेल्या भागाला हवा मिळते, तो तांबडा होतो. हे एकाहून अधिक ठिकाणच्या कुंभारांना सुचू शकतं. शिवाय केर्मा राज्य मोडल्यावर काही शतकांनी विदर्भातली ही दफनं सुरू होतात.

सुदानमधल्या नागा इथल्या सिंहमंदिरात अपेदेमाक या कुशच्या सिंहमुखी देवाला तीन तोंडं आणि चार हात कोरलेले आहेत. त्यावरून भारतीय प्रभावाची कल्पना विसाव्या शतकात काही अभ्यासकांनीही मांडली होती. ते शिल्प मात्र पूर्ण भिंतीसह पाहा. देवाच्या दोन्ही बाजूंनी राजघराण्याची माणसं येत आहेत, एक तोंड इकडच्यांकडे, एक तिकडच्यांकडे, एक समोर. शिल्पकाराची गरज तिथल्या तिथे कळते, त्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही.

खरं नातं हवं असेल तर ते आहे. आस्वानच्या उंच धरणात नुबिया बुडणार म्हणून जगभरची पथकं गेली, त्यांत ब्रजबासी लाल यांच्या नेतृत्वाखाली भारताचं पथकही होतं. 1961-62 च्या हंगामात त्यांनी अफियेह इथे उत्खनन केलं. यावर मराठीत सविस्तर लिहिलेलं मला अजून सापडलेलं नाही. कुणीतरी लिहावं.

सगळी जागा 'काळ्या फॅरोंना' देऊ नका

पिये, तहार्का हे कुशचे राजे आणि त्यांचं घराणं (इजिप्तच्या यादीतलं पंचविसावं) इजिप्तवर राज्य करत होतं ते शंभर वर्षांहूनही कमी. त्यानंतर कुशचं राज्य जवळपास हजार वर्षं टिकलं, आणि लेखांमध्ये त्याला चार ओळी मिळतात. घराण्याबद्दल लिहायचंच असेल तर पियेचा, चौथ्या प्रपाताखालच्या जेबेल बर्कलचा विजयलेख वाचा. शरण आलेल्या राजाच्या तबेल्यात तो जातो, उपाशी ठेवलेले घोडे पाहतो आणि त्याला सगळ्यात जास्त राग येतो तो याचाच. त्याच परिसरातल्या एल-कुर्रूच्या राजदफनभूमीत 24 घोडे स्वतंत्र खड्ड्यांत पुरलेले मिळाले आहेत, तेव्हा लेखातली ही माया नुसती शब्दांची नव्हती. या घराण्यातल्या राजांत शबाका आधी की शेबित्कू, याबाबत मात्र जपून. जुन्या पुस्तकांत शबाका आधी येतो, अलीकडे बरेच अभ्यासक क्रम उलटा लावतात.

पिरॅमिडांबद्दल थोडक्यात: सुदानमध्ये ते दोनशेहून अधिक आहेत, इजिप्तपेक्षा जास्त. लहान आणि उभट. राजाची खोली पिरॅमिडच्या पोटात नसून खाली जमिनीत खोदलेली असते. 1834 साली फेर्लिनी या इटालियन डॉक्टरने मेरोएचे पिरॅमिड सोन्यासाठी फोडले. राणी अमानिशाखेतोचे दागिने आज बर्लिन आणि म्युनिकमध्ये आहेत.

'मेरोइटिक लिपी उलगडलेली नाही'

मेरोए राजधानी असतानाच्या कुशची ही लिपी. तिच्याबद्दलचं हे वाक्य चूक आहे. ब्रिटिश अभ्यासक ग्रिफिथ यांनी 1909 ते 1911 दरम्यान अक्षरांचे उच्चार लावले, लिपी वाचता येते. भाषा मात्र थोडीच कळते. देवनागरी येणाऱ्याला ही लिपी पटकन उमजते. 23 चिन्हं, उजवीकडून डावीकडे, आणि व्यंजनात 'अ' मुरलेला. दुसरा स्वर हवा तर त्याचं चिन्ह पुढे लिहायचं, आणि 'ए'चं चिन्ह कधी कधी आपल्या पाय मोडण्याचं काम करतं. थडग्यांवरच्या लेखांत 'अतो' म्हणजे पाणी आणि 'अत' म्हणजे भाकरी हे शब्द वारंवार येतात. मेलेल्याला दोन्ही भरपूर मिळो, अशी ती प्रार्थना.

'कंदाके' हे नाव नसून कुशच्या राण्यांची पदवी आहे. रोमनांशी लढलेल्या एकाक्ष राणीला ग्रीक लेखक स्ट्राबो फक्त कंदाके म्हणतो. ती अमानिरेनास, हे अभ्यासकांनी जुळवलेलं आहे, म्हणून तसंच लिहा.

शेवटची चूक काळाची आहे. 'नुबियन लोक राहत असत' असं लिहू नका. युनेस्कोच्या 1960 ते 1980 च्या मोहिमेत अबू सिंबलचं देवस्थान 65 मीटर वर चढवलं गेलं, पण बुहेनचा किल्ला पाण्याखाली गेला आणि सुमारे एक लाख नुबियनांना घरं सोडावी लागली. काही इजिप्तमधल्या कोम ओम्बोला गेले, काही सुदानमधल्या खश्म अल-गिर्बाला. त्यांची नोबीन भाषा आजही बोलली जाते. आणि एखाद्या वस्तूखाली 'खार्तूमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे' असं लिहिण्याआधी थांबा. एप्रिल 2023 मध्ये पेटलेल्या युद्धात ते संग्रहालय लुटलं गेलं. ताजी बातमी तपासा, आणि खात्री नसेल तर 'युद्धापूर्वी होती' एवढंच लिहा.