फवाऱ्याचं प्रमाण मोबाइलवर शोधताय?

पऱ्हाटीवर (कपाशीवर) तुडतुडे, म्हणजे रस शोषणारे किडे, दिसले की आपण बांधावरूनच औषधाचं प्रमाण सर्च करतो आणि सगळ्यात वर आलेलं खरं धरतो. मागच्या हंगामात वर दिसलेला आकडा एकरी होता. मी तो पंपाचा समजून मापात ओतलाही होता!

आता असं करतो:

१. आधी बाटलीसोबतचं माहितीपत्रक उघडायचं. त्यात कापूस लिहिलाय का, पाहायचं.

२. आकडा एकरी, हेक्टरी की लिटरमागे, हे बघूनच १५ लिटरच्या पंपाचा हिशोब. १ हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर.

३. शंका राहिलीच तर किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१. फोन फुकट, मराठीत बोलतात.

सर्चमध्ये वर 'प्रायोजित' दिसलं तर ती जाहिरात. आणि बाटलीवर लाल त्रिकोण, म्हणजे सगळ्यात जहाल विषाची खूण, असेल, तर अंदाजाने थेंबही नको.