पंटच्या वेळी रेफरीने कुठे उभं राहावं

अमेरिकन फुटबॉलमध्ये पंट उडाला, म्हणजे पंटरने हातातून सोडलेला चेंडू पायाने दूर मारला, की मैदानावरचे आणि गॅलरीतले सगळे डोळे चेंडूमागे वर जातात. रेफरीचे जाता कामा नयेत. न्यू जर्सीत हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये पाच जणांच्या चमूत पांढरी टोपी एकट्या रेफरीची असते, बाकी चौघांच्या काळ्या. ज्याच्या डोक्यावर ती पहिल्यांदा येते त्याला मी आधी हेच सांगतो, कारण उभं राहायची जागा त्यावरूनच ठरते. चेंडू बघायला बॅक जज (मागे खोलवर उभा असलेला पंच) आहे, पंटरला बघायला तुमच्याशिवाय कोणी नाही.

तयारी सामन्याआधीच सुरू होते. वॉर्म-अपमध्ये पंटरचा पाय बघून ठेवा: उजवा की डावा, जागेवरून मारतो की रग्बीसारखा धावत बाजूला जाऊन. कोचला विचारायलाही हरकत नाही, बहुतेक जण सरळ सांगतात. चौथ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जायच्या चार प्रयत्नांतल्या शेवटच्या) पंट करणाऱ्या संघाचे अकरा खेळाडू मोजा, चमूतल्या अंपायरशी खूण जुळवा आणि मग जागेवर जा.

पंटर स्क्रिमेज लाइनच्या (डाव जिथून सुरू होतो त्या रेषेच्या) मागे बारा ते पंधरा यार्डांवर असतो. मी त्याच्या मारत्या पायाच्या बाजूला, त्याच्यापेक्षा दोन-तीन यार्ड मागे आणि सहा-सात यार्ड बाहेर उभा राहतो. आकडे तुमच्या असोसिएशनच्या पुस्तिकेप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतील, तिथे पुस्तिकेचंच ऐका. पण बाजू आणि कोन का, हे नीट समजून घ्या.

अगदी पाठीमागे उभे राहिलात तर पंटरची पाठ सगळं झाकते. पुढे राहिलात तर धावून येणाऱ्यांच्या वाटेत याल. मारत्या पायाच्या बाजूने स्नॅपपासून (चेंडू मागे पंटरकडे फेकला जातो तिथपासून) पायाला चेंडू लागेपर्यंत सगळं उघडं दिसतं, आणि बचाव करणाऱ्याचं बोट चेंडूला लागलं का तेही. ते बोट महत्त्वाचं आहे, कारण त्याने पंटरजवळ चेंडूला स्पर्श केला असेल आणि मग धडक टाळता येण्यासारखी नसेल तर फाउल नाही.

अंतराची गोष्ट याहून नाजूक. फार जवळ गेलात तर पंटर मोठा दिसतो, पण त्याच्यासमोरचा ब्लॉकर (समोरच्यांना अडवणारा साथीदार) नजरेतून सुटतो. बचाव करणारा स्वतः येऊन आदळला की पंटरच्याच साथीदाराने त्याला ढकलून अंगावर घातलं? ढकललं असेल तर फ्लॅग (दंडाची खूण म्हणून टाकायचा रुमाल) नाही. हे ठरवायला धडकेच्या आधीचा क्षण दिसावा लागतो, म्हणून बाहेर सरकायचं. मी सोलापुरात क्रिकेटवर वाढलो. तिथला अंपायर आधी गोलंदाजाचा पाय बघतो आणि मग नजर उचलतो, तसाच क्रम इथे आहे: चेंडू, पाय, ब्लॉकर, धडक, आणि पंटर सावरेपर्यंत पंटरच. तोल सावरायला त्याला पुरेसा अवसर मिळेपर्यंत नियम त्याला किकर मानून संरक्षण देतो. मी चेंडू सुटताच मोठ्याने “बॉल्स अवे!” ओरडतो. धावत आलेली मुलं ते ऐकून आवरतात, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा गुडघा वाचणं मला कुठल्याही फ्लॅगपेक्षा मोठं वाटतं.

धडक झालीच तर दोन दंड आहेत. नुसता धक्का असेल तर 5 यार्ड, आपोआप फर्स्ट डाउन (नव्याने चार प्रयत्न) नाही. जोरात आदळून पंटरला धोक्यात घातलं तर 15 यार्ड आणि आपोआप फर्स्ट डाउन. चौथा डाउन आणि बारा यार्ड बाकी असताना 5 यार्डांनी चेंडू परत मिळत नाही, 15 नी मिळतो, सामना तिथे फिरू शकतो. म्हणून ज्या पायावर पंटर उभा आहे त्या पायाकडे विशेष लक्ष द्या. मारणारा पाय हवेत असताना त्या पायावर घातलेला घाव तो कसा झेलणार?

खाली आलेला स्नॅप घेताना पंटरचा गुडघा जमिनीला टेकला आणि चेंडू हातात असला, तर हायस्कूलच्या नियमात खेळ तिथेच थांबतो. प्लेसकिकसाठी चेंडू जमिनीवर धरणाऱ्या होल्डरला मिळते ती सवलत पंटरला नाही. शिट्टी तुमची, कचरू नका. स्नॅप डोक्यावरून गेला तर वळून चेंडूमागे जा, पण बाहेरूनच. पंटर स्वतःच्या एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात) उभा असेल तर मागची एंड लाइनही तुमच्याकडे येते. चेंडू हातात असताना त्याचा पाय तिला लागला की सेफ्टी, म्हणजे समोरच्या संघाला दोन गुण. तेव्हा नेहमीची जागा सोडून ती रेषा आणि पंटर दोन्ही दिसतील असे सरका.

सगळं सुरळीत झालं तर पंटर सावरल्यावर नजर उचला, पण पाय लगेच हलवू नका. चेंडू हवेतूनच साइडलाइनबाहेर गेला तर नेमका कुठे ओलांडला हे किकच्या जागेवरूनच रेषेत दिसतं. साइडलाइनवरचा सहकारी हात वर करून चालत येतो, आणि तो त्या रेषेत आला की तुम्ही हात खाली आणून त्याला थांबवता. टप्पा पडून घरंगळत गेलेला चेंडू तो स्वतः बघतो.

रिटर्न (समोरच्या संघाने चेंडू घेऊन परत धावणं) सुरू झाला तरी मैदानात फार पुढे धावू नका. हळूहळू सरकत मागे राहिलेल्या खेळाडूंचे ब्लॉक बघा. परतणारा मुलगा सगळ्यांना चुकवून सुटला तर तुमच्या मागच्या गोल लाइनवर (एंड झोन जिथे सुरू होतो त्या रेषेवर) त्याच्याआधी तुम्हालाच पोचायचं आहे.